पुणतांब्याची भाऊबीज आणि मक्याचे टाको

दौंड-मनमाड लोहमार्गावर नगरहून निघालं की वांबोरी, राहुरी आणि मग बेलापूर लागतं. बेलापूर म्हणजे खरं तर श्रीरामपूर. गाव एक आणि स्टेशनवरची पाटी दुसरीच, त्यामुळे नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. त्यापुढे चितळी आणि मग पुणतांबा. इथून साईनगर शिर्डीचा फाटा फुटतो. २००९ साली तो सुरू झाला आणि पुणतांब्याचं जंक्शन झालं. पण जंक्शन झालं म्हणून इथे कुणी उतरतं, असं मात्र नाही. गाडी थांबते, भक्तमंडळी खिडकीतून पाटी वाचतात, "आता आलंच की!" म्हणत पिशव्या सावरतात आणि पुढे निघून जातात. उतरतात ते आमच्यासारखे, ज्यांचं इथे कुणीतरी आहे असे.

आमच्या वन्सं इथे दिल्या आहेत. म्हणजे लग्नानंतर गेली बारा वर्षं मी पुणतांब्याला येते आहे, तीही बहुतेक भाऊबिजेलाच. ओवाळून घ्यायला भावानं बहिणीकडे जायचं, हा आमच्या घरचा नियम यांनी कधी मोडला नाही. मला विचाराल तर वर्षातला माझा हा सगळ्यात आवडता प्रवास. आपल्या घरची दिवाळी आपल्याच अंगावर असते. चौथ्या दिवशी मात्र दुसरीच्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून बसायला मिळतं. बसू देतात असं नाही, पण निदान सुरुवात तरी तशी होते!

आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. तोंडात अजून 'नगर'च बसलंय, पण पुणतांब्याला अहिल्याबाईंचं नाव नवं नाही. गोदावरीच्या पात्रात उतरणारा इथला एक घाट त्यांनीच बांधलेला. दिवाळीच्या सुमाराला नदी भरलेली असते आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली असतात. सकाळी बायका वरच्याच पायऱ्यांवर टेकून दिवे सोडतात. पुणतांबा हे नाव 'पुण्यस्तंभ'वरून आलं, असं गावातली जुनी माणसं सांगतात. देवळं तर इतकी, की आमच्या मुलांनी एकदा मोजायला घेतली आणि उन्हं चढल्यावर सोडून दिली.

यांतलं मुख्य ठिकाण म्हणजे चांगदेवांची समाधी. चौदाशे वर्षं जगलेले, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन निघालेले ते हे चांगदेव. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं तर मायना काय घालावा, हेच त्यांना सुचेना. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानानं मोठे म्हणून नमस्कार? शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. त्याला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, ती 'चांगदेव पासष्टी'. शाळेत हा भाग शिकवताना मुलांना वाघ आवडतो. मला मात्र पुढची गोष्ट आवडते. एवढ्या मोठ्या योग्यानं गुरू केलं ते मुक्ताबाईला, एका लहान मुलीला.

आणि मुक्ताबाई म्हटलं की मांडे आठवायलाच हवेत. तिला मांडे करायचे होते, पण विसोबांच्या धाकानं गावातल्या कुंभारांनी खापर दिलं नाही. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगाग्नीनं आपली पाठ तापवली आणि मुक्ताबाईनं त्यावर मांडे भाजले, अशी कथा आहे. समाधीच्या दर्शनाला गेलं की ही गोष्ट आमच्या वन्संच्या सासूबाई दर वर्षी न चुकता सांगतात. सगळे त्यांना आजीच म्हणतात. या वर्षी त्या मांड्यांचा आम्हाला भलताच उपयोग झाला, तो पुढे सांगते.

शहरातल्या मैत्रिणींना पुणतांब्याचं नाव कशामुळे माहीत असेल, तर १ जून २०१७ मुळे. शेतकऱ्यांच्या संपाची हाक याच गावानं दिली. दूध आणि भाजीपाला शहरात जायचा थांबला आणि आपल्यापैकी पुष्कळजणींनी सकाळी दुधाच्या पिशवीसाठी दुकानांच्या रांगा लावल्या. आठवतंय ना? त्याच महिन्याच्या २४ तारखेला सरकारनं ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. त्या दिवसांत मी वन्संना फोनवर म्हटलं होतं, "अहो, मुलांना दूध नाही." त्या म्हणाल्या, "वहिनी, आमच्याकडे दूध आहे, पण त्याचा दर नाही." एवढंच बोलणं झालं. तेव्हापासून दुधाची पिशवी कापताना मला कधी कधी तो आवाज ऐकू येतो.

गाव सोडून मळ्याकडे निघालं की दोन्ही बाजूंना ऊस आणि मका. राहात्याकडे पेरूच्या बागा. कालव्याचं पाणी आहे तिथे ऊस, आणि गोठा आहे तिथे मका, असा ढोबळ हिशेब. हा मका माणसांनी खायचा नसतो बरं का! हिरवा असताना तोडून, कुट्टी करून, हवाबंद दाबून त्याचा मुरघास करतात गाईंसाठी. वाळलेले दाणे कोंबड्यांच्या खाद्याला आणि कारखान्यांना जातात. आषाढात भाजलेलं कणीस खाल्लं की माणसांचा संबंध संपला. वन्संच्या अंगणात पिवळ्याधमक कणसांचा ढीग पडलेला असतो आणि घरातल्या कुणालाही त्याची भाकरी थापावीशी वाटत नाही. "भाकरी बाजरीची नाहीतर जवारीची. मका जनावराचा," हा आजींचा निकाल.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

वन्संचा धाकटा, आमचा सोन्या, नऊ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे पोर नुसतं किरकिरत होतं. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, सतत जुलाब, रक्त कमी. जंताची औषधं झाली, टॉनिकं झाली, दृष्टही काढून झाली. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्ताची वेगळी तपासणी करायला लावली, मग दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून पाहिला आणि निदान झालं सिलिअ‍ॅकचं. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला जो चिवटपणा येतो तो त्याचाच. या मुलांच्या शरीराला ते शत्रू वाटतं आणि त्या लढाईत लहान आतड्याचं अस्तरच झिजून जातं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. याला गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू आणि जव जन्मभर बंद, हाच उपाय. आणि बंद म्हणजे अगदी कणभरसुद्धा नाही.

नगर जिल्ह्यातल्या घरात याचं रोजचं ओझं तसं कमी. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी, वरई हे सगळं चालतं. चार महिन्यांत सोन्याच्या गालावर रंग आला. पण रोजचं जेवण वेगळं आणि सण वेगळा. दिवाळीचा फराळ डोळ्यांपुढे आणा. शंकरपाळी मैद्याची, करंजी मैद्याची, चिरोटे मैद्याचे, रव्याचा लाडू गव्हाचाच. मेतकुटात गहू असतो. बाजारच्या डबीतल्या हिंगातसुद्धा बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते, हे मला तरी वन्संकडूनच कळलं. त्या आता खड्याचा हिंग आणून घरी कुटतात. गावच्या गिरणीत एकामागून एक गहू आणि ज्वारी दळली जाते म्हणून त्यांनी सोन्यासाठी घरघंटी घेतली. गेल्या वर्षी त्यानं पाडव्याला कोनाड्याआडून चार शंकरपाळ्या खाल्ल्या आणि पुढचा आठवडा अंथरुणात काढला. तेव्हापासून वन्संनी घरात शंकरपाळीच करायचं सोडलं. पण दुसऱ्यांच्या घरचं काय? सोन्या मुलांच्या वाढदिवसांना जाईनासाच झाला. बोलावणं आलं की म्हणायचा, "माझं पोट दुखतंय." आणि दुखत नसायचं, हे वन्संना माहीत असायचं.

या वर्षी आम्ही गेलो त्या संध्याकाळी आमची कन्या फोनमधले फोटो दाखवत होती. पुण्यात मावसबहिणीच्या वाढदिवसाला ही सगळी मुलं टाको खाऊन आली होती. तुमच्या घरातही हे नाव येऊन पोचलं असेलच. मक्याची पातळ पोळी, कडक तळून होडीसारखी दुमडलेली, तिच्यात उसळ, कांदा, टोमॅटो, कोबी आणि चीज. सोन्या खूप वेळ फोटो बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "ह्यात गहू असतो का?"

त्या वयाच्या मुलानं खाण्याच्या पदार्थाकडे बघून असा प्रश्न विचारावा! वन्सं आत निघून गेल्या.

मी मुलांसाठी नगरहून टाकोंच्या तयार पोळ्यांचं एक खोकं आणलं होतं. चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. मक्याचं पीठ होतंच, पण त्याच्या पाठोपाठ गव्हाचं पीठही होतं. ते खोकं तसंच पिशवीत गेलं. पण मूळ मेक्सिकोतली ही पोळी निव्वळ मक्याची असते, हे मला माहीत होतं. आणि अंगणात मक्याचा ढीग पडला होता. मी वन्संना म्हटलं, "उद्याचं जेवण भाऊबिजेचं आहे ना? मग उद्या सगळ्यांना हेच करू. सोन्यासाठी वेगळं नको, सगळ्यांना एकच."

मेक्सिकोची आणि आपली ओळख तशी जुनी आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांनी परतीचे दोर कापल्यावर ते १९२४ च्या सुमाराला मेक्सिकोत गेले आणि तिथल्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेत प्राध्यापक झाले. त्यांनी संशोधन केलं ते मक्यावर. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकारानं मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांचं चित्र काढलं आहे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ साली नागपूरला वारले. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. मक्याच्या मूळ देशात जाऊन तिथल्यांना मका शिकवणारा माणूस आपल्या वर्ध्याचा, हे मी सांगितलं तेव्हा दाजींनी अंगणातल्या ढिगाकडे जरा आदरानं पाहिलं.

मेक्सिकोच्या बायका मका नुसता दळत नाहीत. आधी तो चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर त्यातच ठेवतात, मग धुऊन वाटतात. ही युक्ती हजारो वर्षांची आहे. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते आणि पीठ चिकट होऊन पोळी दुमडते, तुटत नाही. शिवाय मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व एरवी अंगी लागत नाही, ते चुन्यामुळे मोकळं होतं. युरोपियनांनी मका नेला, पण चुन्याची रीत तिथेच सोडून आले. मग नुसत्या मक्यावर जगणाऱ्या तिकडच्या गरिबांत पेलाग्रा नावाचा भयंकर रोग पसरला. कातडी सोलायची, माणसं भ्रमिष्ट व्हायची. त्याचं मूळ नायसिनच्या अभावात आहे, हे कळायला १९३७ साल उजाडलं. स्वयंपाकघरातली रीत आणि तिच्यामागचं कारण यांची गाठ कधी कधी अशी उशिरा पडते.

हे सगळं ऐकून आजी म्हणाल्या, "चुना पानाला लावत्यात बाई. धान्याला कोण लावतं?"

"पानातून पोटातच जातो ना तो, आजी?"

त्या गप्प बसल्या, पण पटलं नव्हतं. "मी माझ्या पद्धतीनं करीन, तू तुझ्या कर," एवढं म्हणून त्यांनी माळ हातात घेतली. म्हणजे दुसऱ्या दिवशी दोन पद्धतींची परीक्षा ठरली.

अंगणातला नवा मका ओलसर होता, म्हणून डब्यातला जुना, खडखडीत वाळलेला मका घेतला. मैत्रिणींनो, इथे दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पेरणीच्या पिशवीत उरलेलं बियाणं कधीही खायला घेऊ नका. त्याला औषध चोळलेलं असतं आणि म्हणूनच ते रंगीत दिसतं. आणि काळे-हिरवट, बुरशी आलेले दाणे एकूण एक वेचून टाका. शहरात किराणा दुकानात वाळलेला मका मिळतो, तो चालेल. गोड मका, म्हणजे स्वीट कॉर्न, याला उपयोगी नाही.

अर्धा किलो मका स्वच्छ धुतला. स्टीलच्या पातेल्यात दीड लिटर पाणी घेऊन त्यात पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, खाण्याचा चुना विरघळवला. भिंतीचा चुना नव्हे हं! पातेलं अ‍ॅल्युमिनियमचं नको, चुन्यानं ते खराब होतं. आणि चुना हाताळताना लहान मुलांना लांब ठेवा, डोळ्यात गेला तर फार इजा करतो. मका त्यात घालून मध्यम आचेवर पाऊण तास उकळला. पाण्याला दाट पिवळा रंग आला आणि घरभर एक वास सुटला. आपल्या ओळखीचा नाही, पण वाईटही नाही. ओल्या मातीला भाजल्या कणसाचा वास आला तर कसा येईल, तसा. झाकण ठेवून रात्रभर तसाच राहू दिला.

सकाळी ओवाळणीच्या आधी मी आणि वन्सं आडावर बसलो. चार पाण्यांनी दाणे चोळून चोळून धुतले. साली सुटून पाण्यावर तरंगल्या. दाणा नखानं दाबला की मोडायचा, पण पिठूळ झालेला नव्हता. तेच हवं असतं. मग पाटा-वरवंटा. मिक्सरमध्ये हे होतं, पण पाणी जास्त घालावं लागतं आणि पीठ सैल होतं. ज्यांच्याकडे पाटा नाही त्यांनी मिक्सरमध्ये थोडं थोडं वाटावं आणि सैल झालंच तर त्यात कोरडं मक्याचं पीठ मिसळावं. इथे अजून एक सांगून ठेवते. दुकानात 'कॉर्नफ्लोअर' म्हणून जी पांढरीशुभ्र पूड मिळते ती मक्याचं पीठ नव्हे, तो नुसता स्टार्च असतो. सूप दाट करायला ठीक, पोळीला नाही.

वाटताना वन्सं पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलल्या. वरवंटा ओढता ओढता म्हणाल्या, "वहिनी, आजाराचं मी शिकले गं. पण याच्या तोंडापुढून ताट काढून घ्यायचं, ते नाही जमत. आई ताट वाढते ना? मी दोन वर्षं नुसती काढूनच घेते आहे." मी काही बोलले नाही. पाण्याचा हात लावून वाटण सारत राहिले.

तिकडे आजींनी घरघंटीवर दळलेलं मक्याचं पीठ घेतलं. दोन वाट्या पाणी उकळून त्यात मीठ आणि चमचाभर तेल घातलं, दोन वाट्या पीठ टाकून झाकण ठेवलं आणि वाफ काढली. मोदकांना काढतो तशीच उकड. गरम असतानाच ती तेलपाण्याच्या हातानं मळून मऊ केली. बघा, मक्यात चिवटपणा नाही, तर तो आणायचा कसा? मेक्सिकोनं चुना शोधला, आपण उकड शोधली.

पोळ्या लाटायच्या नाहीत, दाबायच्या. लिंबाएवढा गोळा, वर-खाली प्लॅस्टिकचा कागद आणि पुऱ्यांचा साचा. तांदळाचे पापड दाबतो तोच साचा. मेक्सिकोच्या बायकांचं यंत्र याच जातीचं असतं. साधारण पाच इंच रुंदीची पोळी होते, आणि अर्ध्या किलोत तीसेक होतात. तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट भाजून, कापडावर एक-एक पसरून दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायच्या. ही पायरी गाळू नका. ओली पोळी कढईत टाकली तर ती तेल पिते आणि कडक होत नाही.

तेल कोरं घेतलं. ज्यात शंकरपाळी तळली ते तेल सोन्याला चालत नाही. पोळपाट, झारा, चाळणी, सगळं त्याचं वेगळं आहे.

आता खरी परीक्षा होती दुमडण्याची. वन्संनी पहिली पोळी तळून, बाहेर काढून दुमडली, तर कटकन दोन तुकडे! दुसरी तशीच. तेव्हा आजी पुढे झाल्या. "अगं, मांडा कधी दुमडतात? खापरावरून उतरता उतरता. गार झाल्यावर मांड्याची घडी कुणी घातलीय का?" बरोबरच होतं. बेळगावचे मांडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना कळेल. मऊ आहे तोवर घडी, मग तो आपोआप कडक होतो. आजींनी पोळी तेलात सोडली, मनात दहा आकडे मोजले आणि ती मऊ पडली आहे तोवर दोन उलथण्यांनी तेलातच दुमडून धरली. बुडबुडे कमी झाले तशी घडी पक्की झाली. चुन्याची पोळी अशी सुरेख वळली, की आजींनी ती उन्हाकडे धरून उलटसुलट पाहिली. मग त्यांच्या उकडीची घेतली. तीही वळली, पण घडीवर बारीक चीर गेली. खाताना छान लागली, सारण मात्र खालून सांडायचं. आजी एवढंच म्हणाल्या, "चुन्याची धरून ऱ्हाती." याहून मोठी कबुली मी त्यांच्या तोंडून बारा वर्षांत ऐकली नव्हती!

तीस पोळ्या उलथण्यांनी धरून हात भाजायला लागले, तेव्हा दाजींनी पापड भाजायची स्टीलची जाळी मधोमध वाकवून तिची होडी केली. पोळी तिच्यात ठेवायची आणि जाळीसकट तेलात सोडायची. न्यूयॉर्कमध्ये खानावळ चालवणारे हुव्हेन्सिओ माल्दोनादो यांनी टाकोंच्या पोळ्या एकदम तळायच्या साधनाचं १९५० साली पेटंट घेतलं होतं. दाजींना ते सांगितल्यावर ते म्हणाले, "आपण भाऊबिजेची ओवाळणी घेऊ, पेटंट नको." पुढे अमेरिकेत ग्लेन बेल यांनी १९६२ साली टाकोंची दुकानं काढली आणि कडक टाको जगभर गेला. मेक्सिकोच्या घरांतून मात्र मऊ पोळीच जास्त खातात म्हणे, आपल्या पोळीसारखी.

तेल मध्यम तापलेलं हवं. पिठाचा कण टाकला की लगेच वर यायला हवा, पण काळा पडता कामा नये. एका पोळीला मिनिट-दीड मिनिट लागतं. बुडबुडे जवळजवळ थांबले की पाणी उडालं असं समजायचं. उघडी बाजू खाली करून चाळणीत निथळत ठेवायच्या. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरल्या तर आठ-दहा दिवस राहतात. पावसाळ्यात मऊ पडल्या तर जाड तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं पालथ्या घाला, पुन्हा कुरकुरीत होतात.

आत काय घालायचं? बाहेर मिळतं तेच घालायला हवं असं कुठे आहे? वन्संनी मटकीची कोरडी उसळ केली, खड्याच्या हिंगाची फोडणी देऊन. आंबट सायीच्या ऐवजी घट्ट चक्का, मीठ आणि ठेचलेला लसूण घालून. बारीक कांदा, कोथिंबीर, कोबी, वरून लिंबू. मोठ्यांसाठी शेंगदाण्याचा ठेचा. नियम एकच, सारण ओलं नको आणि भरायचं ते ताटात घेतल्यावर. आधी भरून ठेवाल तर पंधरा मिनिटांत लगदा.

ओवाळणी झाली, पानं मांडली. अकरा माणसं आणि मधे एकच मोठं ताट, पिवळ्या होड्या रचलेलं. सोन्यानं सवयीनं आपली वेगळी वाटी शोधली, ती नव्हतीच. त्यानं आईकडे बघितलं. वन्सं म्हणाल्या, "घे की. सगळ्यांचंच आहे ते." त्यानं एक घेतला, कडेनं चावला. कुर्रर्र आवाज झाला तशी सगळी पोरं हसली आणि मग आवाज कुणाचा मोठा याची शर्यत लागली. सोन्यानं पाच खाल्ले. आमच्या कन्येनं पुण्यातल्यापेक्षा हे चांगले आहेत असं जाहीर केलं. यांनी तीन खाऊन झाल्यावर "पोळी-भाजी नाही का?" असं विचारलं, ते सोडून देऊ. आजींनी अर्धा खाल्ला, दातांना कडक लागतो म्हणून उरलेला उसळीत कुस्करला, आणि दुपारी आडावर धुणं घेऊन आलेल्या शेजारणीला सांगताना ऐकलं, "जनावराचा काय म्हणून? तिकडं मुलखात माणसंच खात्यात मका."

परतताना स्टेशनवर गाडी उशिरा होती. सोन्या आणि त्याचा बाप फलाटावर सोडायला आले होते. शिर्डीच्या गाडीतून एक बाई खिडकीतून विचारत होती, इथे खायला काय मिळतं. सोन्या पुढे होऊन तिला काहीतरी सांगत होता. काय ते ऐकू आलं नाही.

परवा वन्संचा फोन आला. सोन्याच्या शाळेचं स्नेहसंमेलन आहे, वर्गातल्या चाळीस मुलांना खाऊ द्यायचा आहे, आणि त्यानं बाईंना परस्पर सांगून टाकलं आहे की माझी आई टाको करणार. प्रत्येकाला तीन तरी हवेत. दोन किलो मका निवडून ठेवलाय.

"चुना किती गं घालू?"

"अर्ध्या किलोला पाच ग्रॅम. दोन किलोला वीस. पाणी सहा लिटर," मी म्हटलं. "आणि आजींना म्हणावं, दाजींच्या जाळीसारख्या अजून दोन लागतील."

"त्या सांगून झाल्या आहेत," वन्सं म्हणाल्या.